येताना माती आणा

पाहुण्यांकडून पेढ्यांची अपेक्षा करणारे नातेवाईक मी बरेच पाहिलेत. माती मागणारे एकटे आमचे मामा. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे मामा. सायखेड्याच्या पलीकडे गोदाकाठच्या एका गावात राहतात. आम्ही नाशिकहून निघायच्या आत त्यांचा फोन येतो, "जावईबापू, रिकामं यायचं नाय. गोणीभर तरी आणा."

ही माती लागते गढीला. गढी म्हणजे मातीचा किल्ला. कुणी बांधला, कुणालाच ठाऊक नाही. धरणाचं पाणी पसरून भोवती दलदल झाली आणि दर पावसाळ्यात एकेक भिंत विरघळत गेली. आता उरलाय एक बुरूज. यंदा तोही जाणार, असं गाव म्हणतं. जाऊ देणार नाही, असं मामा म्हणतात.

मी एकदा जेवताना त्याला 'टेकाड' म्हणालो. मामांनी माझ्या ताटाकडे निघालेली भाकरी हवेतच थांबवली. "टेकाडाला पाठ नसती जावईबापू, बुरजाला असती!" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. भाकरी हवी होती, म्हणून मान डोलावली.

परवा आम्ही दोघं गेलो तेव्हा तुळस सोडून गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या गोणीत उपड्या केल्या होत्या. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, खांद्यावर गोणी, पोटरीपर्यंत चिखल. एक चप्पल दलदलीनं ठेवून घेतली. पुढून मामा ओरडत होते, "जपून! माती सांडंल!" माझ्याबद्दल काही सूचना नव्हती.

"मामा, सरकारला कळवा ना एकदा," मी धापा टाकत म्हणालो.

"दगडाच्या किल्ल्याला सरकार. मातीच्या किल्ल्याला पाव्हणे."

बुरजाच्या पाण्याकडच्या अंगाला मी गोणी ओतली. मामांनी ती अनवाणी पायांनी चोपून बसवली. मग मला बाजूला सारून सुनंदाला म्हणाले, "सुनंदे, इकडं ये. हे बघ."

गेल्या पावसात तिथला वरचा थर निसटला होता. आतल्या लिंपणावर पाच बोटं उमटलेली दिसत होती. लहान, बारीक.

"बाईचा हात हाय. लिंपताना उमटलेला. ठेव तुझा."

सुनंदानं ठेवला. जवळजवळ बसला.

"मामींचा बसला असता का हो?" मी सहज विचारलं. मामींना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मामा पाण्याकडे बघत राहिले. "तिला आणलंच नाय कधी. लय म्हणायची, एकदा दाखवा की. मी म्हणायचो, बायामाणसाला किल्ल्यातलं काय कळतंय." मग त्या बोटांकडे वळून म्हणाले, "आन् हे निघालं ती गेल्यावर."

सुनंदा हात काढायला लागली.

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाले. "जरा वेळ."