रुंद पोटाची होडी

"पोट रुंद हवं, बूड सपाट. डुलणारी नको आणि पळणारी तर मुळीच नको," ती फोनवर बजावत होती.

"म्हैस घेतेयस का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

ती कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, भाड्याने ठरवत होती. नवऱ्याने लेकीला तळ्यावर न्यायचं कबूल केलं आणि ती कामाला लागली. तिने सगळं वाचून काढलं. होडी लांब, निमुळती असली की पाणी कापत सुसाट जाते, पण डुगडुगते. आखूड, रुंद, सपाट असली की स्थिर राहते, पण सरकता सरकत नाही. न सरकणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं!

आजीचं बोलणं लेकीने बरोबर उचललं होतं. तळ्यावर होडी पाहताच ती ओरडली, "म्हैस!"

लेकीच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आईने स्वतः तीनतीनदा ओढून पाहिले, तेव्हा कुठे बापलेक निघाले. आणि वारा सुटला. म्हैस पलीकडच्या लव्हाळ्याकडे वाहत चालली. तिचा फोन वाजला.

"अगं, जीव तोडून वल्हवतोय, पण ही वाऱ्याविरुद्ध हलेल तर शपथ!"

"पोरीला धर! वल्हं गेलं खड्ड्यात!" ती होडीवाल्याकडे वळली. "काका, जा ना!"

काठावर एकच होडी उरली होती. लांबडी, सुरीसारखी.

"वहिनी, माझं पोट नाही मावत त्यात."

तिचं मावलं. काळजीने खाल्लेलं अंगी लागतंय कुठे? जॅकेट चढवून ती बसली. वाचलेलं सगळं विसरून तिने दोन्हीकडे सपासप वल्हं मारलं. होडी बाणासारखी सुटली.

"आई, आम्ही इकडे!"

"मला थांबवता येत नाहीये!" म्हणत ती दोघांच्या समोरून गेली आणि थेट लव्हाळ्यात घुसली.

आता ती पापणीसुद्धा हलवेना. श्वास घेतला तरी होडी डुलत होती. एव्हाना वारा पडला होता. नवऱ्याने म्हैस आरामात वळवली आणि तिच्या होडीचा दोर मागे बांधला.

"आई, घाबरू नको हं," लेक म्हणाली, "म्हैस पळत नाही."

खरंच पळत नव्हती. नवरा घामाने निथळत होता, काठ जवळ येण्याचं नाव घेत नव्हता. शेजारून एक बदक निवांत पुढे निघून गेलं.

तेवढ्यात मागून रडवेला आवाज आला, "अरे, जरा हळू घे ना!"