आप्पांचा पिवळा गाल

रोहिदास आप्पांचा डावा गाल दर शनिवारी पिवळा असतो. म्हसावदच्या बाजारात ते शांतपणे मिरच्या निवडत असतात आणि गालावर चार बोटांची हळद, कालच नवरदेव झाल्यासारखी. कोणी विचारलंच तर म्हणतात, "मुका मार शे," आणि पुढची मिरची उचलतात.

हा माणूस फौजेत असताना मुष्टियुद्धात राज्याचा विजेता होता, असं सांगितलं की बाहेरगावचे लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. कारण आमच्या भागात आप्पांना ओळखतात ते मार खाणारा नवरा म्हणून. आम्ही अहिराणीत विनोदी व्हिडिओ काढतो. भटू वेल्डिंगवाला दिग्दर्शन करतो, वर आप्पांना बदडणाऱ्या मेहुण्याचं कामही करतो. मी शाळामास्तर, म्हणून लेखन माझ्या गळ्यात. रविवारी शूटिंग, शुक्रवारी व्हिडिओ लोकांच्या मोबाइलवर. म्हणजे एका भल्या माणसाला या आठवड्यात कशाने मारावं, याचा विचार मी गेली तीन वर्षं करतोय. लाटणं झालं, चप्पल झाली, पिकलेली पपईसुद्धा झाली. खरं सांगतो, जीव विटलाय.

पहिल्या दिवशी तर आप्पांनी घोळच घातला. भटूने हात उगारला की यांचं डोकं आपोआप खाली, मुठी हनुवटीपाशी. भटू गिरकी घेऊन केळीच्या वाफ्यात. असं अकरा वेळा झालं. दर वेळी आप्पा त्याला उठवायचे, कपडे झटकायचे, माफी मागायचे आणि पुन्हा चुकवायचे. शेवटी त्यांनीच तोड काढली. दोन्ही हात पायजम्याच्या खिशात कोंबून उभे राहिले. तेव्हापासून ते तसेच उभे राहतात आणि लोकांना वाटतं, काय भोळा अभिनय करतो हा माणूस!

चापट गालाला लागत नाही, हं. ती शेजारून जाते. पण आप्पा मान अशी फिरवतात की बघणाऱ्याच्या दाढा दुखाव्यात. "टायमिंग शे, गुरुजी," ते म्हणतात. "तठे रिंगणमा बी तेच, आठे बी तेच."

मग लागतच नाही तर हळद कशाला, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आठवडाभर वह्या तपासल्यावर माणसाची चौकशी करायला अंगात त्राण उरत नाही.

आप्पांची मागणी एकच असायची. शूटिंग संपलं की चहाचा कप धरून माझ्या शेजारी यायचे आणि हळूच म्हणायचे, "गुरुजी, एक ठोसा मन्हा बी लिखा." मी हो हो म्हणायचो आणि टाळायचो. मार खाणाऱ्यानेच मारलं तर हसणार कोण?

एका शुक्रवारी संवादांचे कागद द्यायला त्यांच्या घरी ब्राह्मणपुरीला गेलो. बायको वारल्याला सहा वर्षं झाली, मुलगा सुरतेला. घरात आप्पा आणि त्यांची नव्वदीची आई, दोघंच. म्हातारी खाटेवर बसून मोबाइलवर नवा भाग बघत होती. भटूची चापट पडली आणि ती रडायला लागली. खरोखरच, पदर तोंडात घालून. आप्पा समोर धडधाकट बसलेले, तरीही.

"इतला मोठा पहेलवान व्हता तू," ती म्हणाली. "आते कोणी बी मारी जास."

मग तिने वाटीत हळद कालवली आणि कापऱ्या बोटांनी त्यांच्या गालाला लावली. साठीचे आप्पा गाल पुढे करून डोळे मिटून बसले होते.

बाहेर आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. हे खोटं असतं असं कितीदा समजावलं, पटत नाही. शुक्रवारी ती जेवत नाही. मोबाइल लपवला तर शेजारणीकडे जाऊन बघते. आपला पोरगा एकदा जिंकलेला दिसला की शांत होईल. हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

त्याच रात्री ठोसा लिहिला. भटू कुरकुरला, पण मी ऐकलं नाही. रविवारी आप्पांनी तीन वर्षांत पहिल्यांदा हात खिशातून काढले. मूठ भटूच्या जबड्यापासून बोटभर अंतरावर थांबली आणि भटू घाबरून सरळ खाली बसला. ते आम्ही तसंच ठेवलं.

शनिवारी सकाळी आप्पा माझ्या दारात उभे. गाल कोरा. हातात छोटी डबी.

आई जेवली का, मी विचारलं. जेवली म्हणाले, पोटभर. पोरगा जिंकला म्हणून आधी खूश झाली, पण भटूचं तोंड बघितलं आणि कासावीस झाली. लगेच हळद कालवायला बसली.

"'त्या पोऱ्याले लागनं व्हई,' म्हने. 'हाई डबी त्याले लई जाय.'"

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. डबी ओट्यावर ठेवून ते बसले आणि कितीतरी वेळ डावा गाल तळहाताने चोळत राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "पुढला भागमा मालेच मार पडू द्या. आठ दिवसमा मन्हा गालले तेवढाच एक हात लागस."

मी वही काढली आणि या वेळी दोन चापट्या लिहिल्या, दोन्ही गालांवर.