डब्यातला हेडक्लार्क

रविवारी सकाळी हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं, की गाडीला थेंबभर तेल द्यायचं. एवढंच! पुढचं सगळं रामायण त्या थेंबातून घडलं.

घरातल्या प्रत्येक दुखण्यावर साहेबांकडे एकच औषध असे: बायकोच्या शिलाई मशीनचं तेल. बिजागरी कुरकुरली, घाल तेल. कुलूप अडलं, घाल तेल. (एकदा सासऱ्यांच्या कानाच्या मशीनलाही घातलं होतं. त्यानंतर महिनाभर सासऱ्यांना काही ऐकू आलं नाही आणि त्या महिन्यात दोघांचं फार छान जमलं.)

तर बॉनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं, गुण आला की कानाला लगेच कळावं म्हणून. हवेच्या पाइपावर एक काळा प्लग दिसला, तो ओढला. इंजिनाला ठसका लागला आणि ते गप्प झालं. प्लगखालचा भाग सोडवून पाहिला, तर आत केसाएवढी बारीक तार. "अरेरे, अगदीच कोरडी पडलीय बिचारी," म्हणत साहेबांनी दोन थेंब सोडले, सगळं जागच्या जागी बसवलं आणि हात धुऊन चहाला बसले.

दहा वाजता नुकतीच गाडी शिकलेली बायको सरावासाठी ती घेऊन गेली. तीन किलोमीटरवर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी आचके देत घरी परतली.

"अहो, मी काय केलं हो?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण साहेबांच्या तोंडून निघालं, "तुझा पाय जड आहे. ॲक्सिलरेटर म्हणजे शिलाई मशीनचं पायडल नव्हे!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती आणि आठ दिवसांनी, सोमवारी, नव्या हॉस्पिटलात लॅबप्रमुख म्हणून रुजू व्हायची होती. एकवीस वर्षं या जागेची वाट पाहिली होती तिने. पण निघायचं पहाटे साडेपाचला, त्या वेळी बस नाही. गाडी चालवता आली तरच ती नोकरी.

"उद्या फोन करून नाही सांगते," ती म्हणाली. "माझ्याच्याने व्हायचं नाही हे."

साहेबांनी तेलाची बाटली हळूच कपाटामागे सरकवली.

सोमवारी दुपारी दोघं गॅरेजात गेली. मेकॅनिक तिशीतली एक मुलगी होती, कोपरापर्यंत काळी झालेली. बायको बाहेर बाकावर बसली, फोन हातात घेऊन. मेकॅनिकने स्टिअरिंगखाली एक वायर लावली आणि हातातल्या स्क्रीनकडे बघू लागली.

"कोणाला विचारतेस?" साहेबांनी चौकशी केली.

"याला." तिने बॉनेटखाली बोट दाखवलं. एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा, जेवणाच्या डब्याएवढा डबा होता, धुळीने माखलेला. "गाडीचा कॉम्प्युटर. सगळं इंजिन हाच चालवतो, काका. आत हवा किती आली ते हवेच्या पाइपातली एक बारीक तार सांगते. मग पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हा ठरवतो. मिनिटाला हजारो वेळा."

"मिनिटाला?" साहेबांच्या ऑफिसात एका अर्जावर निर्णय व्हायला पावणेदोन महिने लागत.

"आणि ठरवून गप्प नाही बसत. धुराच्या नळीत एक सेन्सर आहे. तो धूर तपासून परत कळवतो, पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं. लगेच दुरुस्ती. तार खोटं बोलायला लागली तरी हा आधी सांभाळून घेतो. अगदीच मेळ बसेना, तेव्हा दिवा लावतो."

साहेब थक्क झाले. तीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड विभाग सांभाळला होता, आणि आपल्यासारखा चोख माणूस जगात दुसरा नाही अशी त्यांची खात्री होती. आणि इथे हा डबा! चहाला उठत नाही, रजा टाकत नाही, एकाने चुकीचं कळवलं तर दुसऱ्याकडून पडताळून घेतो. साहेबांनी रुमाल काढून त्याच्यावरची धूळ पुसली. हात आपोआप जोडले गेले.

"आणि नोंद?" त्यांनी भारावून विचारलं. "नोंद ठेवतो?"

"ठेवतो की! ही बघा. एक्केचाळीस हजार तीनशे सहा किलोमीटर. वेग शून्य. इंजिन चालू. तारेचा प्लग निघाला." तिने मान वर केली. "उभ्या गाडीत प्लग कोणी ओढला, काका?"

तीनशे सहा हा आकडा बायकोच्या सरावाच्या वहीतही होता, रविवारी गाडी बाहेर काढतानाचा. ती वही ठेवायला त्यांनीच लावलं होतं.

"ही नोंद..." त्यांनी आवाज खाली आणला. "पुसता येते का गं?"

"एक बटण."

एक बटण! बाहेर बायकोने चष्मा लावला आणि हॉस्पिटलचा नंबर शोधायला घेतला. साहेबांनी डब्याकडे पाहिलं. एकदा खुद्द मोठ्या साहेबांनी रजिस्टरचं एक पान फाडायला सांगितलं होतं, तेव्हा हेच हेडक्लार्क रजिस्टर छातीशी धरून दिवसभर बसले होते. त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"थांब! पुसू नकोस!" ते ओरडले आणि बाहेर धावले. "अगं, फोन ठेव! आत ये. तुझा पाय नाही, माझा हात!"

मग त्यांनी ती नोंद खणखणीत आवाजात वाचून दाखवली, तेलाच्या थेंबांची भर स्वतः घालून. बायकोने वही काढली, आकडा ताडून पाहिला.

"म्हणजे मी नीट चालवत होते," ती म्हणाली. फोन तिने पर्समध्ये टाकला. "आणि मी कालपासून तेलाची बाटली शोधतेय!"

मेकॅनिकने तार फवाऱ्याने स्वच्छ केली आणि सगळं बसवून दिलं. बायको स्टिअरिंगवर बसली, साहेब शेजारी. इंजिन सुरू झालं, गाडी आचका न देता निघाली, आणि लगेच डॅशबोर्डवर काहीतरी जोरजोरात वाजू लागलं.

साहेबांनी आदराने हात वर केला. "श्श! डबा बोलतोय. ऐक. हवा, पेट्रोल, धूर, काहीतरी त्याच्या लक्षात आलंय. काय बरं म्हणत असेल?"

"शेजारच्या सीटवर काहीतरी वजन नुसतंच ठेवलंय, असं म्हणतोय," बायको आरशात बघत म्हणाली. "पट्टा लावा."