उंटरमोसाखच्या चव समितीचा एकमुखी निकाल

“डोळे बांधले, तर रोजची बिअर कुठली आणि उत्सवाची कुठली, हे तुम्हाला ओळखता येईल का हो?”

हा प्रश्न चव समितीला भर मांडवात विचारायची पैज बुर्गीला मैत्रिणींनी लावली होती. आणि सोळा पूर्ण झाल्यापासून (म्हणजे तिथल्या कायद्यानं बिअर प्यायची आणि बुर्गीच्या मते कुणालाही काहीही विचारायची मुभा मिळाल्यापासून) ती कुठलीच पैज नाकारत नव्हती.

दोन वस्तूंमधला फरक जितका बारीक, तितकी तो ठरवायला वजनदार माणसं लागतात. उंटरमोसाख गावानं तीन निवडली होती: महापौर श्टांगासिंगर, चर्चचे फादर आणि अध्यक्ष म्हणून बुर्गीचे वडील कोरबिनियान, जे धंद्यानं छपरं शाकारत, पण गावात ओळखले जात जिभेमुळे. गेल्या बावीस वर्षांत समितीनं उत्सवाआधीच्या गुरुवारी चाखून बावीस वेळा ‘यंदाची उत्सवी बिअर गतवर्षीपेक्षा सरस’ असा निकाल दिला होता. (या हिशेबानं बावीस वर्षांपूर्वी लोक नेमकं काय पीत होते, हे विचारायचं नसतं.)

तसा फरक शेंबड्या पोरालाही ठाऊक. रोजची बिअर फिकी, हलकी, बाराही महिने मिळणारी, म्हणजे तिच्याबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही. उत्सवाची मात्र मार्चमध्ये घालायची, उन्हाळाभर थंड तळघरात मुरू द्यायची. मधासारखा रंग, भाजलेल्या पावाच्या कडेचा वास आणि घोट उतरल्यावर छातीत पसरणारी ऊब.

यंदा समितीत चौथी खुर्ची आली होती, तरुणांसाठी. ती बुर्गीला मिळणार होती आणि तिला ती मनापासून हवी होती. मम्मीनं त्यासाठी नवा झगासुद्धा शिवला होता.

“बांध डोळे!” पप्पा गरजले. “बघू दे पोरींना जीभ काय असते ती!”

बुर्गीनं तिघांचे डोळे रुमालांनी बांधले, दगडी मग भरून आणले आणि प्रत्येकासमोर दोन-दोन ठेवले.

“ही डावीकडची उत्सवाची!” पप्पा म्हणाले. “अख्खा शरद ऋतू उतरलाय हिच्यात. आणि उजवीकडची? भांडी विसळलेलं पाणी!”

“कोरबिनियान, जीभ छपरावर विसरून आलास काय?” महापौर म्हणाले. “उजवीकडचीच उत्सवाची.”

फादरना दोन्हींत देवाची कृपा जाणवली. खात्रीसाठी त्यांनी आणखी दोन मग मागवले.

“सगळे मग रोजच्याच बिअरचे आहेत,” बुर्गी म्हणाली. “उत्सवाचं पिंप अजून फोडलंय कुठे? पहिला हातोडा महापौरसाहेब शनिवारी मारणार ना?”

मैत्रिणी बाकांखाली लोळल्या. रुमाल मात्र बराच वेळ कुणीच सोडले नाहीत.

“मग पप्पा, दरवर्षी गुरुवारी तुम्ही चाखता तरी काय?”

“समोर येईल ते,” पप्पा पुटपुटले.

समितीनं तिथल्या तिथे ठराव केले. डोळे बांधल्यास जिभेवर अकारण दडपण येते, सबब ही पद्धत यापुढे बंद. तसेच, पिंप न फोडताही ज्या बिअरची चव अनुभवी सदस्यांना जाणवते, तिचा दर्जा आपोआप सिद्ध होतो, सबब यंदाची गतवर्षीपेक्षा सरस. शिवाय, तरुण सदस्यानं शनिवारी हा निकाल हसतमुखानं वाचून दाखवावा, अन्यथा खुर्ची महापौरांच्या पुतण्यास देण्यात येईल. (सर्वानुमते. फादरांचा हात मगात गुंतल्यामुळे त्यांचं मत मानेवरून धरण्यात आलं.)

रात्री जेवताना मम्मीनं विषय काढला. “दोन ओळी तर वाचायच्यात, बुर्गी. तुझं काय जातंय?”

पप्पा बटाट्याकडे बघत होते.

बुर्गीनं काटा खाली ठेवला. “मी नाही वाचणार. खुर्चीही नको मला. आणि पुतण्याच्या मागे कशाला लागताय? हा किस्सा ऐकून खो खो हसणाऱ्यांतच कुणीतरी सापडेल, ज्यानं दोन्हीतली एकही चाखलेली नाही आणि तरी उत्सवाचीच भारी, असं मनात कधीच ठरवून टाकलंय. खुर्ची त्याला द्या.”