आमच्या वाडीतले शेरीफ

भिकूभावजी आपली स्कूटर स्टँडवर लावत नाहीत. माडाला दोरीनं बांधतात. वर तिच्या सीटवर थोपटून म्हणतात, "रव रे बाळू, इलंयच मी!" मालवणात नवीन आलेला माणूस हे बघून थबकतो. आम्ही वाडीतले लोक बघतसुद्धा नाही.

भावजी माझे शेजारी. बावीस वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते. तिथं संध्याकाळी चादर टांगून जुने काउबॉयचे पिक्चर दाखवायचे, तेही रहस्यवाले. तोंडाला फडका बांधलेला कोणी गुरं पळवतो, नि हिरो, म्हणजे गावचा शेरीफ, त्याला हुडकतो. आता घरच्या टीव्हीवर रोज तेच लावतात. बायको जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा परदेशात. मग प्रेक्षक म्हणून मी.

पिक्चर बनवणाऱ्यांच्या खिशात दमडी नसावी. पाठलाग सुरू झाला की एकच दगड तीनदा येतो. भावजी त्याला ओळख दाखवतात, "ह्यो बघा वयनी, आपलो दगड इलो!" जणू मुंबईहून पाव्हणाच आलाय. चोराचा फडका उतरला की मात्र टीव्ही बंद.

"अहो, शेवट?"

"तेच्यात काय बघूचा? हिरो घोड्यार बसता नि जाता. ती बाय कुंपणाक टेकान रवता. माका नाय बघूक व्हया ता."

यंदा मात्र त्यांची खरी चंगळ झाली. पावसाआधी मी पुण्याला मुलाकडे जाणार होते, ते कायमचंच. "आई, एकटी कशाला राहतेस?" असा त्याचा धोशा. नातवाला खारा बांगडा लागतो म्हणून घरापुढच्या खळ्यात बांगडे वाळत घातले, आणि त्यातले दिवसाआड दोन गायब होऊ लागले. मांजर म्हणावं, तर ते नेताना उरलेले बांगडे पुन्हा सारख्या अंतरावर कसं मांडेल?

भावजींनी डोक्यावरची टोपी कपाळावर ओढली. ही रुंद फेल्टची टोपी कसरीनं इतकी खाल्लीय, की तिच्यातून तांदूळ चाळता येतील. खळ्यात ओणवे होऊन त्यांनी कुणाच्याशा शेळीच्या खुरांची मापं घेतली. मग कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, "केस सुटल्याशिवाय कोणी गाव सोडूचो नाय!"

"माझं मंगळवारचं तिकीट आहे."

"तुमी तर साक्षीदार. तुमी अजिबात नाय."

त्यांचा सिद्धांत असा, की जो सगळ्यात सज्जन, चोर तोच. त्या हिशेबानं वाडीतले सगळ्यात सज्जन म्हणजे देवळातले भटजी. त्यांनी जन्मात मासा शिवलेला नाही. भावजींनी त्यांना भर देवळात विचारलं, "बुधवारी दुपारी खंय होतास?" भटजी घाबरून म्हणाले, "झोपलो होतो." "साक्षीदार कोण?" बिचारे घरी गेले आणि हात धुऊन धुऊन हुंगत बसले. लाजेनं मी आठवडाभर देवळाची पायरी चढले नाही. तिकीटही पुढच्या मंगळवारावर ढकललं, कारण बांगड्यांशिवाय जाणार कशी?

बारा बांगडे गेले. माझं डोकं फिरलं. नातवाला म्हणावं बाजारातले खा, असं ठरवून मी सोमवारी निरोप घ्यायला भावजींकडे गेले. ते चहा टाकत होते. "कप फडताळात आसत," म्हणाले, आणि लगेच ओरडले, "नको, नको, मी काढतंय!"

तोवर मी फडताळ उघडलं होतं.

माझेच बांगडे. एकेक कागदात गुंडाळलेला, वरून मीठ चोळलेला, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची परात. खाल्लेला एकही नाही. बाहेर टीव्हीवर फडका उतरला होता, नि हिरो खोगीर आवळत होता. भावजींनी टोपी काढली. बिनटोपीचे ते मला पाच वर्षांत पहिल्यांदाच दिसले. केवढे म्हातारे झालेत!

"वयनी," ते खाली बघत म्हणाले, "तो टीव्ही तेवढो बंद करा. फुडचा माका बघवणा नाय."

मला इतका राग आला होता, की दोन शब्द सुनावावेत. पण मी टीव्ही बंद केला. परत येऊन बांगडे मोजले, हळूहळू, मोठ्यानं.

"अकराच आसत," मी म्हटलं. "बारावो खंय गेलो, भावजी? केस काय सुटूक नाय अजून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि डोक्यावर चढवली.

"मग तुमी पण गाव सोडूचो नाय."

"नाय सोडणा," मी म्हटलं आणि मुलाला फोन लावायला अंगणात आले.

बांगडे बाराच होते.