तिसऱ्या हाकेची रेंज

केळशीच्या सड्यावर, गावामागच्या उंच कातळमाळावर, तिन्हीसांजेला सुहास गमरे आपल्याच गाडीच्या टपावर अँटेनाच्या दांड्याला मिठी मारून बसला होता. दांडा धरून ठेवणारा नट हातातून निसटून जांभ्याच्या भेगेत गेला होता आणि मुलाखतीची वेळ झाली होती. नोकरी घरी बसून करायची होती. मिळाली तर गावात राहायचं, नाहीतर पुन्हा मुंबई. बायको करुणा गावातल्याच शाळेत शिकवत होती, आणि दोन वर्षांची रसिका बापाला 'काका' म्हणत होती. हे सुहासला फार लागलं होतं.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी बस. आतली बाकं काढून, बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून सुहासने तिचं फिरतं घर केलं होतं. खाली गावातल्या घरात रेंजच्या नावाने ठणठणाट, म्हणून हे घर सड्यावर आणून उभं केलं होतं. आत त्याचे वडील बाबाजी, निवृत्त मास्तर, राउटरसमोर बसले होते. रेंज येऊन लाल दिवा निळा झाला की ओरडून सांगायचं, एवढंच त्यांचं काम. शेजारी लॅपटॉपवर मुलाखतीचं पान उघडलेलं होतं आणि त्यावरचं चाक नुसतंच फिरत होतं.

बाबाजींनी भुताखेतांविरुद्ध उभ्या हयातीत इतकी भाषणं दिली होती, की विहारात ते बोलायला उभे राहिले की मागची रांग चहाला उठायची. फक्त आईने लावलेली एक गोष्ट अंगात मुरली होती. तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. 'ते' दोनच हाका मारतं, तिसरी माणूस मारतो. "अंधश्रद्धा नाय ही, सवय हाय," असं ते म्हणत. सवय म्हणूनच ती त्यांनी सुहासलाही लावली होती.

वारा पडला. गुरं केव्हाच खाली गेली होती. एक टिटवी ओरडली आणि मधेच गप्प झाली.

"सुहास…"

बाईचा आवाज. काजूच्या झाडातून आलेला, हळू, वाट बघून थकल्यासारखा. आसपास चिटपाखरू नव्हतं. सुहासच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओठांवर आलेली ओ त्याने गिळून टाकली.

"सुहास…"

तो तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. ती काही आली नाही. आता त्याला कुठल्याही जित्या माणसाचा आवाज हवा होता.

"बाबा, दिवा निळा झाला काय?"

आतून उत्तर नाही. त्या दोन्ही हाका बाबाजींनीही ऐकल्या होत्या, आणि आता टपावरून बोलतोय तो आपलाच पोरगा कशावरून, या विचाराने ते तोंड मिटून बसले होते. एक, त्यांनी मनात मोजलं.

"बाबा! ऐकू येतंय ना?"

दोन.

तिसऱ्यांदा विचारलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण सुहासच्या मनात भलतंसलतं यायला लागलं होतं. एका हाताने दांडा धरून तो पालथा पडला आणि त्याने खिडकीत डोकं लोंबतं सोडलं. आतल्या अंधुक उजेडात बाबाजींना एक घामेजलेलं उलटं तोंड आपल्याकडे बघताना दिसलं.

"आयो गं!" बाबाजी किंचाळले आणि त्यांनी चहाचा थर्मास त्या तोंडावर फेकला. सुहास दचकून मागे सरला, दांडा गर्रकन फिरला आणि राउटरचा दिवा निळा झाला.

"सुहास गमरे!" काजू गरजला.

"ओ!" बापलेक एकदमच ओरडले.

"आहात ना? मी दमयंती मोहिते. मुलाखत सुरू करू या?"

कमरेच्या पट्ट्याने दांडा बांधून सुहास घसरतच खाली आला. दुपारी गाणी ऐकायला लॅपटॉपचा बिनतारी स्पीकर त्याने काजूला टांगला होता, तो तसाच राहिला होता. तो काढून आणताना त्याला हसू आवरेना.

"बघितलंस?" बाबाजी धोतर सावरत म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला कारण असतंच."

मुलाखत झकास झाली. शेवटी सुहासने उशिराबद्दल माफी मागितली. "तिसऱ्या हाकेला ओ द्यायची सवय आहे, मॅडम."

"माझं माहेर कोकणातलंच, खेडचं, मला काय सांगता!" मॅडम हसल्या. "सोमवारपासून कामाला लागा. दुपारी दोन ते रात्री दहा. आणि जागा तेवढी बदलू नका, तिथून आवाज छान येतोय."

सुहासचे डोळे भरून आले. रसिकाला आता बाप ओळखता येणार होता.

"पण तिसरी हाक कुठली?" मॅडम म्हणाल्या. "मी तर एकदाच मारली. त्याआधी तुमची लाइनच लागत नव्हती."

स्क्रीन बंद झाला. सुहासने राउटरकडे पाहिलं.

"बाबा, पहिल्या दोन हाकांना दिवा कुठला होता?"

"लाल."

"मग? कारण असंल ना कायतरी?"

"असंल की. घरी जाऊन शोधू. तू गाडी काढ."

"पण सोमवारपासून मला रोज इथंच बसायचंय!"

"मी येईन सोबतीला," बाबाजी छाती काढून म्हणाले. "घाबरायचं काय त्यात?"

स्पीकर बंद होऊन सुहासच्या मांडीवर पडला होता. बाहेर काजूचं झाड काळं दिसत होतं.

"बाबाजी…" झाडातून हाक आली.

बाबाजींनी ओठ घट्ट मिटले आणि पोराला एक बोट दाखवलं. दुसरं बोट वर व्हायच्या आत गाडी उताराला लागली होती.