दुलीचंदच्या दारावरून तीन फेऱ्या

"माझ्या हातून एक काम बिघडलेलं दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो!" असं दुलीचंद कापडाच्या गादीवर बसून दिवसातून दोनदा तरी म्हणायचा. गिऱ्हाईक धोतरजोडी घ्यायला आलेलं असायचं, त्याला दुकान नको असायचं, म्हणून ते गप्प बसायचं. त्यामुळे दुलीचंदचा समज पक्का झाला होता. तो समज त्र्याहत्तर साली, जैनांचं पर्युषण संपल्यानंतरच्या रविवारी, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान कायमचा गेला. कसा गेला, ते सांगतो.

त्या वर्षी दुलीचंदच्या बायकोनं, जतनबाईंनी, अठाई केली होती. अठाई म्हणजे सलग आठ दिवस अन्न नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. नवव्या दिवशी सकाळी पारणं, आणि पारण्याचा पहिला घोट माहेरच्या हातचा, भावाच्या हातचा. पण जतनबाईंचा भाऊ मिश्रीलाल, रिसोडचा धान्याचा व्यापारी, नऊ वर्षं या घराची पायरी चढला नव्हता. कारण? दुलीचंदचं तोंड! भाचीच्या लग्नात मिश्रीलाल पंगतीला जरा उशिरा पोचला. माणूस अंगानं जड. तर दुलीचंद भर पंगतीत म्हणाला, "साळेसाहेबाले हलवाले गाडी लागते, अन् बैल चार!" पंगत हसली. मिश्रीलाल भरल्या पानावरून उठला आणि उपाशीच रिसोडला गेला. तो गेलाच.

जतनबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढं नऊ वर्षं बोलल्या नाहीत. या वर्षी त्यांनी व्रत घ्यायचं ठरवलं आणि रिसोडला एक कार्ड टाकलं. 'पारणं तुझ्या हातानं करीन.' उलट टपाली उत्तर आलं. येतो म्हणून! ते कार्ड आठ दिवस त्यांच्या उशाखाली होतं.

इकडे दुलीचंदच्या डोक्यात दौड शिरली होती. नवयुवक व्यायाम मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्याच रविवारी महादौड ठरली. सहाशे धावणारे! शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, कचेऱ्यांतले कारकून, सगळे. मंडळाचे चिटणीस म्हणजे शाळेचे ड्रिल मास्तर, भिवाजी. त्यांनी शहाण्या माणसासारखी दौड गावाबाहेरच्या सडकेवर ठेवली होती. दुलीचंदनं त्यांना दुकानात बोलावलं.

"मास्तर, बाहेर कोण पाह्यणार? ढोरं? बाजारातून न्या, माझ्या दारावरून! छातीवरच्या नंबराचं कापड माझं, दोर माझे, शरबत माझं!"

"शेठजी, रस्ता दोहीकडून बंद होईन. लोकायले इकडचं तिकडे जाता येणार नाई."

"घंटाभर नाई गेले तं काय मरतात का लोकं?"

भिवाजी मास्तरांनी मान डोलावली. सहाशे नंबरांचं कापड कोण सोडतो? बाजारातून मैलभराचा गोल आखला, त्याच्या तीन फेऱ्या. प्रत्येक नंबराखाली निळ्या शाईत ठळक अक्षरं उमटली, 'दुलीचंद क्लॉथ स्टोअर्स'.

"सातले दौड सुरू, आठले खतम," दुलीचंदनं घरी बोटं मोजून सांगितलं. "सव्वाआठले साळेसाहेब, नऊले पारणं. सारं गाव दारातच उभं असंन. एका मांडवात दोन कामं!"

"एक तरी धड कर, भाऊ," त्याची बहीण भंवरीबाई म्हणाली. ती त्याच्याच घरी राहायची आणि त्यालासुद्धा पुरून उरायची.

एवढ्यावर भागलं असतं तर दुलीचंद कसला! संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, जैनांच्या स्थानकात भर प्रवचनात तो उभा राहिला आणि खड्या आवाजात म्हणाला, "जतनबाईचं पारणं झाल्याबिगर मी अन्नाचा कण घेणार नाई!" लोकांनी कौतुक केलं. त्या दिवशी सगळ्यांचाच उपास असतो, दुलीचंदचाही होता. म्हणजे उद्या सकाळी नऊला दोघांचं बरोबरच सुटणार. हिशेब चोख! रात्री त्याला स्वप्नात शिरा दिसला.

रविवार उजाडला. पहाटे सहालाच रस्त्याच्या दोन्ही कडांनी बांबू रोवून दोर ताणले. सात वाजले. दौडीचे प्रमुख पाहुणे आले नाहीत. आठ वाजले. पाहुणे अंघोळीला बसल्याचा निरोप आला. दौड सुरू व्हायचं नाव नव्हतं, पण रस्ता मात्र बंद होता! दूधवाले नाक्यावर अडकले आणि दूध तापायच्या आधीच फाटायला लागलं. समोरच्या न्हाव्याकडं एका गालाची दाढी झालेलं गिऱ्हाईक होतं. न्हावी पाणी आणायला रस्ता ओलांडून गेला होता, तो पलीकडेच राहिला. एक म्हातारा आपल्या दारासमोरच्या देवळात फुलं वाहायला गेला होता, तो तिथूनच घरच्यांना हाका मारत होता. आणि ही सगळी माणसं कोणाच्या नावानं बोटं मोडत होती? दोरालासुद्धा दुलीचंदची पाटी लावलेली होती ना!

"शेठजी, माहा दुसरा गाल!" अर्ध्या दाढीवाला ओरडला.

"घंटाभर कळ काढ ना बावा!" दुलीचंद म्हणाला, पण आवाज जरा बसला होता. आत भंवरीबाई शिऱ्यासाठी रवा भाजत होती. तो खमंग वास घेऊन दुलीचंद ओट्यावरून खाली उतरायचा आणि पुन्हा चढायचा. जतनबाई खिडकीशी पाट टाकून बसल्या होत्या. चेहरा चिमणीएवढा झाला होता, पण डोळे रिसोड नाक्याकडं लागले होते.

मिश्रीलालची एसटी सव्वाआठला नाक्यावर आलीच होती. हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा, डब्यात बहिणीसाठी मुगाचं पाणी. पोलीस पुढं सोडेना. दुलीचंदच्या घराला मागनं वाट नाही, तिथं दुसऱ्याची भिंत. नाक्यावरच भिवाजी मास्तर टेबल टाकून उशिरा आलेल्यांना नंबर वाटत बसले होते.

"मास्तर, मले फक्त माह्या बहिणीच्या, जतनबाईच्या दारापर्यंत जाचं हाय," मिश्रीलाल काकुळतीला आला.

"मंग नंबर बांधा ना! नंबरवाल्याले कोणी अडवत नाई. अन् शेठजीच्या दारावरून सारेच जाणार हायेत."

झालं! नऊ वर्षं ज्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, तेच नाव मिश्रीलालच्या छातीवर बांधलं गेलं. नंबर पाचशे त्र्याण्णव. आणि शिट्टी वाजली.

सहाशे माणसं त्या बाजारातून जाताना काय होतं, हे सांगून कळायचं नाही. दुकानांच्या फळ्या थरथरल्या. धुळीनं आभाळ दिसेना. दुलीचंद मंडळानं सकाळीच गळ्यात घातलेला हार सावरत ओट्यावर उभा राहिला, आणि त्या लोंढ्याच्या मधोमध त्याला एक पांढरी टोपी, एक डगलं आणि वर उचललेला पितळी डबा दिसला.

"अवं, तुहा भाऊ!" तो किंचाळला.

"बाई, येतो वं!" लोंढ्यातून आवाज आला. जतनबाई पाटावरून उठल्या, दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. पण पुराच्या पाण्यात सापडलेलं लाकूड कधी मधेच थांबतं का? डबा दाराशी आला, दारावरून गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

"दारावरून गेला!" भंवरीबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "सख्खा भाऊ दारावरून गेला! याले म्हनते योजना!"

तेवढ्यात शरबत संपलं. पहिल्याच फेरीत! सहाशे जणांचं शरबत दुलीचंदनं दोनशेंच्या अंदाजानं केलं होतं. मंडळाचे कार्यकर्ते "पाणी, पाणी" करत ओसरीवर शिरले. तिथं दोन पराती झाकून ठेवलेल्या दिसल्या, त्या त्यांनी उचलल्या आणि गेले. ते जतनबाईंचं पाणी होतं! पहाटे उकळून निवत ठेवलेलं, दिवसभराचं!

"अबे, हे पाणी गरम काहून हाय?" रस्त्यावरून एक धावणारा ओरडला.

"शेठजीनं काढा देल्ला वाटते," दुसरा म्हणाला आणि आणखी एक पेला प्याला.

दुलीचंदनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. भंवरीबाईनं चुलीवर नवं पाणी चढवलं, पण ते उकळणार कधी, निवणार कधी? आठ दिवस उपाशी असलेली बायको ओठ सुकवून बसलेली, आणि तिचं पाणी कॉलेजची पोरं पीत होती! त्या क्षणी त्याला खरंच रडू आलं. भुकेनं जास्त आलं, की बायकोच्या तोंडाकडं पाहून, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसरी फेरी आली. आता लोंढा पातळ झाला होता. सगळ्यांच्या शेवटी मिश्रीलाल, चालणं आणि धावणं यांच्या मधलं काहीतरी करत, धापा टाकत आला. डगलं ओलंचिंब. टोपी गेलेली. तो दारापाशी आला, दोराला धरलं, एक पाय दोरावरून अलीकडे टाकला आणि डबा पुढं केला. पोलिसानंही तोंड फिरवलं. जतनबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. आता काय राहिलं होतं? दोन पावलं! दुलीचंदनं फक्त गप्प बसायचं होतं.

पण जन्माची खोड! आनंदाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "बस्स? दोनच फेऱ्या? मी म्हनतच व्हतो, बैल लागतीन म्हनून!"

बाजार हसला. अर्ध्या दाढीवालाही हसला. मिश्रीलालनं दुलीचंदकडं पाहिलं. मग बहिणीकडं पाहिलं. मग दोरावरचा पाय उचलला आणि परत पलीकडे ठेवला.

"साळेसाहेब! अवो साळेसाहेब! मी गंमत केली! या ना!"

"तिसरी मारूनच येतो," मिश्रीलाल म्हणाला आणि निघाला. बाजारानं टाळ्या वाजवल्या.

जतनबाई उंबऱ्यावरून मागं फिरल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

तिसऱ्या फेरीत मिश्रीलाल दारावरून गेला तेव्हा त्यानं हाक मारली नाही. नजर समोर, छाती पुढं, डबा बगलेत. 'दुलीचंद क्लॉथ स्टोअर्स' घामानं भिजून पोटाला चिकटलं होतं. बाजार दोन्ही बाजूंनी ओरडत होता, "पाचशे त्र्याण्णव! पाचशे त्र्याण्णव!"

पुढं बक्षीस समारंभ. पाहुण्यांचं भाषण. रस्ता साडेबारापर्यंत बंदच. दुलीचंद ओट्यावर खांबाला टेकून बसला होता, डोळ्यांपुढं काजवे, पोटात खड्डा. सकाळपासून हार गळ्यात होता. दोन पाकळ्या खाव्यात असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण शपथ स्थानकात घेतली होती, साऱ्या समाजानं ऐकली होती.

एक वाजता मिश्रीलालला वाजत-गाजत आणलं. पन्नाशीवरच्या गटात पहिला! त्या गटात तो एकटाच होता, हे भिवाजी मास्तरांनी मोठ्या मनानं कोणाला सांगितलं नाही. तो लंगडत नऊ वर्षांनी ओट्याची पायरी चढला.

"मोजल्या का फेऱ्या, जवाईबापू?"

"मोजल्या! पण मधातच थांबले असते तं..."

"तुमच्या दारात हरून थांबू?"

"मंग बहिणीले उपाशी ठेवसान?"

"मी ठेवली? तोंड कोनाचं सुटलं?"

"झालं का तुमचं?" आतून आवाज आला. जतनबाई दारात उभ्या होत्या. मिश्रीलालनं घाईघाईनं डबा उघडला. तीन मैल हिंदकळून तळाला घोटभरच उरलं होतं. तो घोट वाटीत ओतून त्यानं पुढं केला. "घे, बाई."

जतनबाईंनी वाटीला हात लावला आणि मान हलवली.

"आता नाई, भाऊ. तू दोरावरून पाय काढला ना, तवाच मी नवव्या उपासाचं पचखाण घेतलं."

पचखाण म्हणजे व्रताची शपथ, एकदा घेतली की मोडत नाही. मिश्रीलालच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडू नको," जतनबाई म्हणाल्या. "उद्या देजो मले. आजची रात इथंच राहा. माहा उपास तं आठ-नऊ दिवसांचाच हाय. तू या घरातून उपाशी गेला त्याले नऊ वर्सं झाली. आधी तुहं पारणं." त्या आत वळल्या. "वन्सं, माह्या भावाचं पान वाढा. अन् यायले समोर बसवा. आग्रह कराले पायजे कोणीतरी."

दुलीचंदचा चेहरा पडला. नववा उपास! म्हणजे पारणं उद्या. म्हणजे त्याचाही घास उद्या! त्यानं बायकोकडं पाहिलं, पण तिथं दया-माया दिसेना. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी होतं खरं, ते हसू असावं.

पान वाढलं. गरम पुऱ्या, तुपात न्हालेला शिरा, कच्च्या केळ्याची भाजी. मिश्रीलालनं पहिला घास घेतला, आणि दुलीचंदनं आवंढा गिळला.

"भाऊ, आग्रह कर!" भंवरीबाईनं आठवण दिली.

"घ्या ना साळेसाहेब," दुलीचंद क्षीण आवाजात म्हणाला. "आनखी एक पुरी."

मिश्रीलालनं आठ पुऱ्या खाल्ल्या. दोनदा शिरा घेतला. नऊ वर्षांची भूक होती ती! शेवटी पाणी पिऊन त्यानं ढेकर दिला आणि पहिल्यांदाच मेहुण्याकडं प्रेमानं पाहिलं.

"बसल्या जागेवरून हलून नाई राह्यले, जवाईबापू? गाडी बोलावू का? बैल किती सांगू?"

दुलीचंदला उत्तर सुचलं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते गिळलं. दिवसभरात त्याच्या पोटात गेलं ते तेवढंच.